आतली बाजू

रात्री साडेअकराला शेवटचं गिऱ्हाईक बर्फावरून उतरतं
आणि माझ्या काउंटरवर गॉगलांचा ढीग पडतो.
दोनशे चौदा. शनिवार आहे.
ओले, कोमट,
अजून कुणाकुणाच्या कपाळाचा घाम धरून बसलेले.
एकात पापणीचा केस.
एकाचा पट्टा कुठल्यातरी पोराने चघळलेला.

नवा पोरगा आलाय, टेकबहादूर, नेपाळातल्या हुमल्याचा.
पहिल्याच गॉगलात त्याने फडकं घातलं
आणि ताट पुसावं तसं खसाखसा फिरवलं.
मी मनगट धरलं.

बाहेरून पूस हवं तर. आतून नाही.
आत एक थर असतो, दिसत नाही,
वाफ तोच पितो.
ओल्यावर घासलास की गेला,
मग ती काच कायमची धुकट.
आतलं पाणी नुसतं टिपायचं,
बाळाची टाळू टिपावी तसं,
आणि हुकाला लावून द्यायचं. वाळतो आपला आपण.
ड्रायर नको. हीटर नको.
दुपारभर गाडीत विसरलेला एक पाहिलाय मी,
स्पंज सुटलेला, काच पापडासारखी वळलेली.

टेक ऐकत होता. मग म्हणाला,
बिरू दाई, माझा बाप मेंढरं घेऊन घाट चढायचा,
डोळ्यांवर चौरीच्या शेपटीचे केस बांधून.
एकदा विसरला.
तीन दिवस घरात दिवा लावला नाही आम्ही.
आई त्याचे हात धरून बसलेली,
चोळू नको, चोळू नको.

मी जतचा. आमचीही मेंढरंच.
बर्फ म्हणजे लग्नात सरबताला आणलेली लादी,
पोत्यात, भुशात गुंडाळलेली,
अर्धी वाटेतच पाणी झालेली.
इथे आठ वर्षं झाली, उणे दोनमध्ये, रोज दहा तास.
तरी त्याला विचारलं,
खरा कसा असतो रे?
त्याने उताराकडे पाहिलं, जिथे मशीन रात्रीचा बर्फ फुंकत होतं.
असाच, म्हणाला. फक्त इतका पांढरा नाही.
आणि आवाज नसतो.

पुढचे सगळे त्याने टिपले. माझ्यापेक्षा हळू.
एक तडकलेला निघाला, तो वहीत लिहिला.
बाकीचे दिवे घालवल्यावर
हुकांवर लटकत राहिले,
रिकाम्या उताराकडे तोंड करून.

एक वाजता मागच्या दाराने बाहेर पडलो.
दुबईचा ऑगस्ट. दार उघडताच
माझा चष्मा पांढराफटक.
बसचा आवाज येतोय, बस दिसत नाही.
टेकने खिशातून फडकं काढलं,
आणि तसंच धरून उभा राहिला.
दाई, ही कुठली बाजू?
बाहेरची रे, म्हटलं, ही पुसली तर चालते.
आणि शर्टाच्या टोकानेच पुसला.