डुकराच्या मागं काय

दिग्रसला, हातिमभाईच्या दुकानात
काचेखाली काडतुसं.
एल.जी.त सहा गोळ्या, एस.जी.त नऊ,
चार नंबरात मोजू नये एवढे छर्रे,
ते कोल्ह्याले.

उकंडमामानं परवान्याची वही ठेवली.
डुक्कर आहे. हरभऱ्यात येते.
केवढं?
कालवडीएवढं.
किती लांबून?
धुऱ्यावरून... बारा पावलं. चौदा.

लाल पुडा निघाला.
हातिमभाईनं अंगठ्यानं एकेकाचं पितळ पुसलं,
मग सहज इचारावं तसं,
आन् डुकराच्या मागं काय?

मामाचे ओठ हलले.
धुरा. नाला. बोरीचं झाड. पऱ्हाटी.
पऱ्हाटीत पुनाबाईचं मचाण.
एकटीच जागल करते,
बॅटरी विझवून बसते, सेल वाचवते.

पुडा उघडाच राहिला बराच वेळ.

दोन घेतली. यष्टीत मामा बोलला नाही.
सांजेला बाज उचलून
नाल्याच्या अंगाला नेली,
जिथून समोर नुसती टेकडी.

डुक्कर आलं पहाटे,
नेमकं पऱ्हाटीकडून.
मामानं घोडा चढवला,
हळूच उतरवला,
आन् खाकरला, मोठ्यानं,
जसा घरात शिरताना खाकरते.