तळटीप क्रमांक चार

मी लाल शाई वापरत नाही. हिरवी.
मुलांना ती कमी लागते, असं मला उगीचच वाटतं.
न्यूफाउंडलंडचा मार्च, रात्रीचे साडेदहा,
धक्क्यावर अजून बर्फ,
आणि समोर ड्रुसिला कीपिंगचा अहवाल, इयत्ता आठवी:
‘मर्सर बेटावरून आलेली घरं.’

चांगलं लिहिते पोर.
ओंडक्यांवरून घरं किनाऱ्यापर्यंत कशी ढकलली,
जोत्याला रिकामी पिंपं कशी बांधली,
भरतीची वाट पाहून
चार बोटींनी अख्खं घर समुद्रावरून कसं ओढत आणलं,
खिडक्यांना पडदे तसेच.
मी दोन स्वल्पविराम काढतो,
‘खूप खूप’मधला एक ‘खूप’ काढतो,
आणि ‘असं म्हणतात’भोवती गोल:
कोण म्हणतं?

तीस वर्षं हेच फळ्यावर लिहीत आलोय.
नदीचं मूळ विचारू नये, म्हणणारे म्हणोत.
माझ्या वर्गात विचारायचंच,
पान क्रमांकासकट.

मग हे वाक्य: ‘एकूण सतरा घरं आली.’
डोक्यावर इवलासा चार.
खाली तळटीप: जिल्हा वाचनालयाची माहितीपुस्तिका, पान सहा.
शाबास.
पुस्तिका माझ्याकडे आहे. उघडतो.
सतरा घरं; आधार, वर्तमानपत्रातला एक लेख.
लेखाचं कात्रण बुटांच्या खोक्यात.
सतरा घरं; आधार, चर्चच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका.
मागील पानावरून पुढे,
मागील पानावरून पुढे.
स्मरणिकेत आधार दिलेला नाही,
हे बघायला मला उठावं लागत नाही.
ती मी लिहिली होती.

तेविसावं वर्ष, नवी नोकरी, सकाळी छपाई,
पाद्रीबाबा दारात ताटकळलेले.
मी कुणालाच विचारलं नव्हतं.
बारा लिहावं, तर प्रेषितांची आठवण येते.
वीस म्हटलं, की अंदाज वाटतो.
सतरा कसं, मोजल्यासारखं.
ते सतरा माझ्या पदरचे.

अहवालामागे कच्चा खर्डा जोडलाय; मीच जोडायला लावतो.
त्यात पेन्सिलीत, खोडलेलं, तरी वाचता येतं:
‘मिस्टर हेडली पार्डी म्हणाले, अकरा.
ते तेव्हा नऊ वर्षांचे. वडिलांच्या बोटीत
दोराकडे लक्ष ठेवायचं काम त्यांचं.
बोटांवर मोजून दाखवली, एकेका घराचं नाव घेऊन.
दहा बोटं संपल्यावर अंगठा पुन्हा धरला:
हे टिझर्डबाईंचं, अर्ध्या वाटेत बुडालं.
ते धरायचं की नाही, असं त्यांनी मलाच विचारलं.’
आणि समासात, तिच्याच गोल अक्षरात:
‘छापलेलं नाही. काढून टाकणे.’

हे तिला कुणी शिकवलं,
याला तळटीप लागत नाही.

हेडली रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जातो.
मासळीच्या शेडपर्यंत, आणि परत.
बत्तीस वर्षांत आम्ही हवेबद्दल पुष्कळ बोललो.

हिरव्या शाईत लिहितो:
‘खोडलेलं परत घे. तळटीप चार बदल.
हेडली पार्डी, तोंडी, त्यांच्या स्वयंपाकघरात; तारीख घाल.
बुडालेलं घर धर, पण वेगळ्या वाक्यात.
सतराही राहू दे, चूक म्हणून. त्याचा आधार:’

इथे पेन थांबतं.
माझं पूर्ण नाव तिला ठाऊक नसेल. सगळे सर म्हणतात.
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव,
शिकवतो तसंच:
लेग्रो, अँब्रोज.
वर्ष. स्मरणिकेचं नाव.
पान क्रमांक मात्र आठवत नाही.

शेवटी उठतो.
स्टूल घेतो, कपाटावरचं खोकं काढतो,
धूळ झटकून बघतो.
पान तीन.