मागील वास्तव्याचे ठिकाण

तहसीलच्या सभागृहात तीन दिवस शिकवलं :
पेन काळंच हवं.
आकडा चौकोनाच्या भिंतीला शिवता कामा नये,
नाहीतर मशीन भलतंच वाचतं.
कागदाला घडी नको, चहाचा डाग नको,
आणि विचारताना चेहरा हसरा ठेवा.

फेब्रुवारी. शाळा सुटली की मी निघायची.
मोहाची झाडं पानं टाकत होती.
टोल्यावरच्या अकरा घरांना कुलूप.
रुखमा मडावी कुडाआडून म्हणाली,
"थे सारे तेलंगनात गेले जी, मिरची तोडाले.
अक्तीले येतीन."
मी पुस्तिका चाळली.
थोड्या महिन्यांचं जाणं
हे जाणं नसतं.
जिथं सापडतील तिथं मोजले जातील, असं होतं त्यात.
मिरचीच्या रानात, ताडपत्रीच्या खाली
माझ्यासारखीच एखादी बाई, पिशवी घेऊन,
तेलुगूत विचारत गेली असेल का?
मी "घर बंद" लिहिलं. अकरा वेळा.

नदीपलीकडे सतरा नंबर.
सरकारनं वस्ती बसवली तेव्हा नंबर दिला,
नाव लोकांनी मागाहून ठेवलं,
माझ्या यादीत अजून नंबरच.
शैलबाला बिस्वास मासे साफ करत होती,
खवले तिच्या मनगटाला चिकटलेले.
वय?
"लिखो, अस्सी."
जन्माचं गाव?
तिनं नाव सांगितलं, दोनदा,
दुसऱ्यांदा माझ्यासाठी, हळू.
मला ते आपल्या अक्षरांत बसवता आलं नाही.
जिल्हा? खुलना.
देश?
ती माझ्याकडे बघत राहिली,
मी जणू विचारलं होतं, तुमच्या गावात वारा कुणाचा.
"तब तो एकही था, दीदी."

सूचना स्पष्ट होती :
जन्माच्या वेळचं नाव नको, आजचं लिहा.
मी आजचं लिहिलं.
एका ओळीत त्या म्हातारीला
ऐंशी वर्षं मागं नेलं
आणि परदेशात जन्माला घातलं.

मागील वास्तव्य?
रायपूरकडचा तंबू.
तिथं किती काळ?
"दो बरसात. एक बेटा."
मी दोन लिहिलं.
स्थलांतराचं कारण?
ती बराच वेळ बोलली. मासा तसाच हातात.
माझ्याकडे नोकरी होती, व्यवसाय, शिक्षण,
लग्न, कुटुंबासोबत,
आणि शेवटी "इतर".
इतरचा आकडा मी फार जपून काढला,
भिंतीला कुठंच शिवू दिला नाही.

रात्री आमच्या घराचा फॉर्म भरला.
सासूचं कारण लग्न. जावेचं लग्न.
माझं जन्मगाव ब्रह्मपुरीजवळचं,
कारण तेच.
या घरातले पुरुष
जन्मल्या जागेवरून हललेले नाहीत.
बायका घरी बसतात म्हणे.

आठ वर्षांनी तक्ता निघाला.
मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरवर बघितला,
वीज होती तोवर.
ग्रामीण. स्त्रिया. जन्म भारताबाहेर.
वीस वर्षांहून अधिक. कारण : इतर.
चार अंकी संख्या, शेवटचा अंक तीन.
त्या तिघींतली एक शैलबाला, असं मी धरून चालले.
ती तर दोन पावसाळ्यांआधीच गेली होती.
तळटीप होती, बारीक अक्षरात :
आकडे अंतिम.

पण मला आठवते ती त्याच वर्षीची अक्ती.
टोल्यावरची कुलपं निघाली.
मजुरीत मिळालेल्या मिरचीची पोती
ट्रॅक्टरमधून उतरली, सारं गाव शिंकलं.
जैवंता मडावी, चौथीतली, दारात उभी राहिली,
बोटं जळतात म्हणून हात फ्रॉकला न लावता.
"बाई, आमाले लिवलं का?"
मी हजेरीपट उघडला.
तिच्या नावापुढं गैरहजेरीच्या रेघा,
मीच ओढलेल्या, पट्टीनं.
"कुठल्या गावात होतीस गं?"
तिनं सांगितलं.
मला नीट ऐकू आलं नाही.
म्हटलं, परत सांग.