थप्पी

शुक्रवारी निवड आहे, पाचव्या तासानंतर,
बास्केटबॉलच्या कोर्टवर.
चिअरलीडिंगच्या यादीत माझ्या नावापुढे
डिमेलो मिसनी लिहिलंय : बेस.
पेन्सिलीने. म्हणजे खोडता येईल असं.
मी मधल्या सुट्टीत जाऊन दोनदा वाचलं.

मला वर जायचं होतं.
हात पसरून एकदा
सगळ्या शाळेच्या डोक्यावर उभं राहायचं होतं,
यलो हाउसचं नाव घसा फाटेस्तोवर ओरडायचं होतं,
आणि पडलेच तर झेलायला चौघीजणी.
पण वर शिफा जाणार.
शिफा छत्तीस किलो, मी चोपन्न.
नववी ब मध्ये पाढे कुणाला येत नाहीत,
वजनं सगळ्यांची सगळ्यांना पाठ.

पॉम्पॉम विकत घ्यायचे तर साडेतीनशेला जोडी.
पप्पांनी मार्केटातून कांद्याच्या फाटक्या गोण्या आणल्या,
लाल जाळीच्या.
मी पट्ट्या कापल्या, मधोमध सुतळीने आवळल्या.
झटकले की मस्त सळसळतात.
झटकले की अजून एखादं टरफल उडतं.
तीनदा धुतले. आई म्हणते, गेला वास.
आईला तो वास लग्नापासूनच येत नाही.

काल रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमधल्या जागेत,
समोर पारसिकचा डोंगर, खाणवाल्यांनी कुरतडलेला,
मी मोजत होते : फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.
पप्पा जेवून वर आले.
म्हणाले, "एक ते चार कुठं गेले?"
मी सांगितलं, असंच असतं.
ते कठड्याला टेकून बघत राहिले.
मग म्हणाले, "उचलतीस कशी, दाव."

मी धैर्यशीलला उचललं.
तो तिसरीत आहे आणि सारखा हसतो.
"कमरंतनं न्हाय," पप्पा म्हणाले,
"कंबर जल्मभर लागती."
मग ते स्वतःच खाली बसले, लुंगी सावरून.
गुडघ्यात वाक. पाठ ताठ.
पाय खांद्याएवढे लांब.
बघायचं समोर, मालाकडं न्हाय.
श्वास आत घे, उठताना सोड.
आणि धैर्याला खांद्यावर घेऊन ते उठले
जसं कुणी खुर्चीतून उठावं.

टाकीवरच्या बल्बात त्यांची मान दिसली,
गोणी बसते तिथली कातडी,
काळी, जाड, वहाणेच्या टाचेसारखी.
पालकसभेला ते कॉलरचं वरचं बटण लावून येतात.
मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं लावायला.
लावू नका, असंही नाही.

"वरची किती किलोची?"
छत्तीस.
"हात्तिच्या!"
मग जरा थांबून,
"पर गोणी हलत न्हाय. गोणी वरडत न्हाय.
ही वर हात हलवणार. जड जाईल."
शिफा मला पहिल्यांदाच जड वाटली.

"थप्पी लावताना," ते म्हणाले,
"खालची गोणी आम्ही हातानं चाचपून घेतो.
कुठलीबी चालत न्हाय."
मी हं म्हटलं.
मला अजूनही वरच जायचं होतं.

मिस म्हणतात, खालच्यांनीही हसायचं,
शेवटच्या रांगेला दात दिसले पाहिजेत.
हे सांगितलं तर पप्पांना पटेना.
"वझं घेऊन हसायचं? कुणाला बघून?"
पण पुन्हा बसले गुडघ्यात,
धैर्याला घेतलं, उठले,
आणि डोंगराच्या दिशेने
मिश्रीने काळवंडलेले सगळे दात काढून हसले.
शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या मांढरेकाकू
बघतच राहिल्या, चिमटा तोंडात.
मी मोजलं : फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.
आठला त्यांना खोकला आला.

पहाटे पाचचं मार्केट, म्हणून ते खाली गेले.
जिन्यातून आवाज आला,
"टोळीत नाव लागलं की फोन कर.
गाळ्यावर कर, मोबाइल उचलायला हात रिकामा नसतो."

मी गुडघ्यात बसले.
पाठ ताठ. बघायचं समोर.
खांद्यावर कुणीच नव्हतं
तरी उठताना श्वास सोडला.