अडीचशेची

कॅमेरा सोडतीत लागला.
साल्मनच्या कारखान्यात आम्ही दोनशे बायका,
पहिलं बक्षीस फ्रिज, तो रोसेन्दाला गेला;
दुसरं हे. सोबत जन्मतःच चिकटून आलेली लेन्स,
अठरा ते पंचावन्न,
लग्नघरातल्या दूरच्या मावशीसारखी:
सगळीकडे असते, कशातच नसते.

दुसरी घ्यायची तर कोणती?
पहाटेच्या पाळीला रबरी हातमोजे चढवताना
ज्याला त्याला विचारत सुटले.
पन्नासची घे, म्हणाला फोरमनचा मुलगा,
स्वस्त आहे, अंधारातही दिसतं तिला.
पन्नासचीच, म्हणाल्या शाळेतल्या बाई,
देवाने पाय दिलेत ना? चालत पुढे जा.
पुएर्तो मॉन्तला म्हाताऱ्या विल्केन्सने
काही न विचारताच पन्नासची काउंटरवर ठेवली,
काचेवर नख वाजवलं:
हिला परत करायला अजून कुणी आलं नाही.

चार पगारांतून मागे टाकलेले पैसे
बिस्किटांच्या डब्यातून पाकिटात,
पाकीट स्वेटरच्या आत,
चाकाओची खाडी ओलांडून आले होते मी त्या दिवशी.
हो म्हणायचं फक्त बाकी होतं.

पण बाबा.

बाबा किनाऱ्यावर, पत्र्याच्या शेडखाली,
होडीच्या पोटाशी बसून
फळ्यांच्या फटींत सालीचा काथ्या ठोकत असतात.
माझे बूट गोट्यांवर वाजले
की हातोडी खाली.
टोपी काढणार, थुंकी लावून केस बसवणार,
उभे राहणार सरळ,
ओळखपत्रावरच्या माणसासारखे.
त्या माणसाचे माझ्याकडे चाळीस फोटो आहेत.
बाबांचा एकही नाही.

हे विल्केन्सला काय सांगायचं?
म्हटलं, पक्ष्यांसाठी हवीय. लांबची.
कोणते पक्षी?
पाणकावळे.
त्याने आतून एक वापरलेली आणली,
कडं जरा जड फिरणारी,
आधीच्या मालकाने बाजूला सुईने दोन अक्षरं कोरलेली,
अर्धा किलो बटाटे धरावेत तशी हाताला लागली.
उजेड फार खाते, तो म्हणाला,
ढगाळ दिवसांत उपाशी राहील.
आमच्या बेटावर
ढग नसलेले दिवस बोटांवर मोजतात.
घेतली.

रविवारी शेजारच्या बटाट्याच्या वाफ्यात बसले,
साठ पावलांवर, कोपर कुंपणाच्या खांबावर टेकवून.
कडं फिरवलं.
धूसर, धूसर, आणि मग एकदम कान.
कानावर पेन्सिल.
हनुवटीवर दाढीचा एक चुकलेला पट्टा.
प्रत्येक ठोक्याला जिभेचं टोक बाहेर,
आणि दोन ठोक्यांच्या मध्ये
ओठ हलत होते.
होडीशी बोलत होते बाबा.
एकतीस वर्षं त्यांच्या घरात जेवले मी,
मीठ दे, दार लाव, एवढंच ऐकत.
इथे वाक्यांमागून वाक्यं.
काय म्हणत होते, ते कुठलीच लेन्स सांगत नाही.

फोटो हलला.
टोपी स्वच्छ, हातोडी म्हणजे नुसता राखाडी फराटा.
विल्केन्स खोटं बोलला नव्हता.

संध्याकाळी जाऊन मागच्या पडद्यावर दाखवला.
चष्मा शोधण्यात वेळ गेला.
मग बराच वेळ बघत राहिले;
मला वाटलं, रागावणार.
म्हणाले, ही दोन एवारिस्तोची होडी.
हो.
आणि तू कुठे होतीस?
कुंपणापाशी.
मग हाक नाही का मारायची?

कॅमेरा परत माझ्या हातात दिला,
आणि मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी असताना
काथ्याची वळी फटीत सरकवून
ठोकायला लागले.
टोपी डोक्यावरच.

मी घाईघाईने डोळ्याला लावला.
लेन्स आतल्या आत कुरकुरली,
पुढे गेली, मागे आली,
काहीच धरेना.
अडीचशेचीला इतक्या जवळचं दिसत नाही.