टाकी

एव्हरिस्त या यंत्राला टाकी म्हणतो.
पोलादाची टाकी. आत पाणी नाही, हवासुद्धा नाही.
ताळगावच्या पठारावर आम्ही दोघं
शनिवारपासून तिच्यातली हवा उपसतोय,
आणि बाहेर सप्टेंबरची ओल
रबरी कड्यांवर बोट फिरवत
फट शोधतेय.

मला मात्र तो शब्द कानावर पडला की
यल्लूबाई आठवते.
घाट उतरून यायची, दोन वर्षांतून एकदा,
रिवणला, आमच्या दारात:
टाकीऽऽ लावायची का, टाकी?
वाटून वाटून गुळगुळीत झालेला रगडा
दोन पायांत धरायची आणि छिन्नी तिरकी मारायची.
तिरकीच. सरळ मारली तर नुसता खड्डा, म्हणायची.
दगडाची पिठी तिच्या पापण्यांवर.
उठताना कडेला एक मासा कोरायची,
त्याचे पैसे घेत नसे.

सिलिकॉनची नखाएवढी चकती
मी सदुसष्ट अंशांत कलती ठेवते.
आरगॉन सोडते. जाड काचेआड जांभळट उजेड.
आवाज नाही. आयन आपटतात, अणू उडतात,
आणि चाळीस मिनिटांनी
जिथं काहीच नव्हतं तिथं लाटा,
एकीपासून दुसरी तीस नॅनोमीटरवर.
आम्ही एकही रेघ ओढलेली नसते.
मग कोणी ओढली, एव्हरिस्त विचारतो.
एक खणतो, एक लिंपतो,
दोघांच्या भांडणात नक्षी पडते, मी म्हणते.
ते दोघे कोण, हे त्याला सांगायला
मला फळा लागतो.

कोन ऐंशीवर नेला
तर लाटा कूस बदलून
किरणाच्याच दिशेनं आडव्या होतात.
हे पहिल्यांदा दिसलं त्या रात्री
कुणाला सांगावं सुचेना.
आईला फोन केला. ती म्हणाली, जेवलीस?

टाकी लावल्यावर पहिलं वाटण आई फेकून द्यायची,
दोन मुठी तांदूळ, करडे, दगड खाल्लेले.
मीही महिन्यातून एकदा टाकी उघडते,
भिंतींवर बसलेला, उडालेल्या अणूंचा करडा थर
स्पिरिटच्या फडक्यानं पुसते.
फडकं लगेच टाकवत नाही.

आता या लाटांवर चांदीचा पातळ हात,
वर एक थेंब, मडगावच्या बाजारातल्या बांगड्याचं पाणी.
टिकवायचं औषध त्यात मारलेलं असेल
तर लेझरखाली कळावं.
गुळगुळीत चकतीवर ठेवून पाहिला होता थेंब.
सगळं निसटलं.

रगडा हल्ली विहिरीपाशी असतो, शेवाळलेला.
चतुर्थीला गेले तेव्हा कडेवरून बोट फिरवलं.
मासा झिजलाय.
डोळा तेवढा लागला बोटाला, बारीक खळगा.

वीज गेली.
एव्हरिस्त अंधारात आपल्या आजोबांची शिवी देतो.
पंप थांबत जातो, हळूहळू, लांबलचक.
ओलीला फट सापडली.
पुन्हा शनिवारपासून.