एकोणचाळीस प्रती

शिमकेंतच्या बाजारामागे माझं चौकटींचं दुकान.
शोल्पान आली, बगलेत गुंडाळी,
नखांत काळी शाई.
म्हणाली, चौकट साधी करा. काच नको.
बंद पुष्कळ राहिलीत ती.

लिनोच्या एकाच तुकड्यावर दोन कासवं.
आधी पिवळा छापला, मग कोरलं,
मातकट छापला, पुन्हा कोरलं,
शेवटी काळा.
रंगागणिक ठसा कमी कमी होत गेला,
आता उरलीय नुसती जाळी.
चाळिसावी प्रत मागितली तरी निघायची नाही.

एकोणचाळीसच का?
तेवढे दिवस त्यांना खायला घातलं नव्हतं.
उड्डाणाआधीचे, चंद्राला वळसा घालतानाचे,
हिंदी महासागरात पडून
परत आणेपर्यंतचे, सगळे धरून.
माणूस तिथवर जायचा होता अजून.

तिचे वडील, ओराझबेक, तेव्हा नऊ वर्षांचे.
वसंतात ट्यूलिप फुलले की स्तेपवर कासवं वेचायची,
पोतं भरून ट्रकवाल्याला द्यायची,
नगाला पाच कोपेक.
कुठे नेतो, तो सांगत नसे. हे विचारत नसत.
मग एकदा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.
म्हातारा अजून बोटं न्याहाळत बसतो:
माझ्या पोत्यातली असतील का?

मला माझा तो सप्टेंबर आठवला.
खरबुजांचा हंगाम. कुंपणावर बसून खात होतो,
रस हनुवटीवरून कोपरापर्यंत,
आणि साली गाढवाला.

कासवी म्हणे पिलांना दूध देत नाही,
लांबून पाहते, नजरेनेच पोसते.
असेल. पण त्या सहा रात्री
स्तेपवरून वर कोण पाहत होतं?
की ती दोघंच पाहत होती खाली,
आणि आम्ही पोरं वाढत होतो?

परतली तेव्हा वजन थोडं घटलेलं, भूक शाबूत.
मग त्यांना चिरलं,
आत काय काय टिकलंय ते बघायला.

मजुरीऐवजी तिने सतरावी प्रत दिली.
मी ती जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगली.
गिऱ्हाइकं हसतात.

काल ओराझबेक आला. काठी बाजूला ठेवली,
गुडघे मोडत खाली बसला,
चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
यांची नावं काय होती रे?
नावं नव्हती, म्हटलं. क्रमांक होते.
त्याने कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्यावर
अंगठा ठेवला,
आणि बराच वेळ उचलला नाही.